भोसरी सोडायची की उधारी?

पत्र असं आहे:

"भोसरी एमआयडीसीत माझी भाड्याची शेड आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशिनं), दोन सीएनसी लेथ, चौदा माणसं. गाड्यांचे सुटे भाग बनवतो, मटेरियल आमचंच. महिन्याला १८ लाखांचं बिलिंग, जीएसटी वेगळा. त्यातलं सत्तर टक्के काम चाकणच्या एकाच कंपनीचं. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ६० दिवस लिहिलंय, पैसे येतात ११० दिवसांनी. पेमेंटसाठी आठवड्यातून दोनदा चाकणला जातो, चार तास ट्रॅफिकमध्ये जातात. शिवाय सिंहगड रोडवरून भोसरीला यायला रोजचा दीड तास. वाटतं, शेडच चाकणला न्यावी, ग्राहकाच्या दारात बसावं. राहत्या फ्लॅटवर ४० लाख द्यायला बँक तयार आहे. त्यात कामगार कायदे बदलले, जीएसटी बदलला, अमेरिकेच्या शुल्काच्या बातम्या. सकाळी पेपर उघडला की पोटात गोळा येतो. कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत म्हणे. पण तक्रार केली तर काम बंद होईल. काय करू?"

तुम्ही पत्रात जागेबद्दल सहा ओळी लिहिल्यात आणि उधारीबद्दल दोन. दुखणं त्या दोन ओळींत आहे.

हिशेब मांडू. १८ लाखांचे सत्तर टक्के म्हणजे १२ लाख ६० हजार. वर १८ टक्के जीएसटी धरला की महिन्याचं बिल १४ लाख ८७ हजारांच्या घरात जातं. ११० दिवसांनी पैसे येत असतील तर कोणत्याही दिवशी त्या एका कंपनीकडे तुमचे सुमारे साडेचोपन्न लाख पडून असतात. हेच ४५ दिवसांवर आलं तर २२ लाख पडून राहतील. फरक ३२ लाखांचा. ज्या ४० लाखांसाठी तुम्ही राहतं घर गहाण टाकायला निघालात, त्यातले ३२ लाख आधीच तुमचे आहेत, फक्त चाकणला आहेत. साडेचोपन्न लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज सहा लाख होतं. तुमच्या नफ्यातून ते सहा लाख कुठे जातात, हे ताळेबंदात वेगळं दिसत नाही, म्हणून टोचत नाही.

शेड हलवून यातला एक दिवसही कमी होणार नाही. अकाउंट्सवाला तुम्ही दोन किलोमीटरवर आहात म्हणून आरटीजीएस लवकर करत नसतो. उलट, हलवण्याचा खर्च म्हणजे फक्त हायड्रा क्रेन आणि ट्रेलर नव्हे. व्हीएमसी उचलायची तर आधी चिप्स आणि कूलंट पूर्ण काढायचं, अ‍ॅक्सिस लॉक करायचे, नव्या जागी फाउंडेशन, मग लेव्हलिंग, एक-दोन दिवस चालवून पुन्हा लेव्हलिंग, मग बॉलबार टेस्ट (मशिनच्या अचूकतेची तपासणी). एवढं सगळं सुरळीत झालं तरी खरी अडचण त्यानंतर येते: वाहन उद्योगात मशिन दुसऱ्या जागी गेलं की ग्राहक पीपीएपी, म्हणजे पार्टच्या मंजुरीची प्रक्रिया, नव्यानं मागतो. सॅम्पल, मोजमापाचे रिपोर्ट, मंजुरी. ती येईपर्यंत त्या पार्टचं डिस्पॅच बंद, म्हणजे बिलही बंद. पगार आणि हप्ते मात्र चालू. मशिन बँकेकडे तारण असेल तर हलवायला बँकेची लेखी परवानगी लागते. जीएसटी, उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), ईएसआय सगळीकडे पत्ता बदलायचा, महावितरणची नवी जोडणी आणि तिची अनामत वेगळी. आणि चौदातले किती ऑपरेटर तुमच्यामागे येतील? दिघी-मोशीत खोली घेऊन राहणारा सेटर दीड हजार जास्त देणाऱ्या शेजारच्या शेडमध्ये जाईल, चाकणला नाही.

तेव्हा शेड आहे तिथे राहू द्या.

आता ११० दिवस कसे होतात ते शोधायचं. या कंपनीची शेवटची बारा बिलं काढा आणि प्रत्येकासमोर सहा तारखा लिहा: बिलाची, त्यांच्या गेटवर इनवर्ड शिक्का पडल्याची, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाल्याची, क्वालिटीनं पास केल्याची, अकाउंट्समध्ये बिल बुक झाल्याची, पैसे आल्याची. कागदावर मांडल्याशिवाय हे कळत नाही. ६० दिवस पीओवर आहेत, मग वरचे ५० कुठे गेले? बहुतेक ठिकाणी ते पहिल्या चार तारखांमध्येच जातात. त्यांचे ६० दिवस बिल बुक झालेल्या तारखेपासून मोजले जातात आणि पेमेंट महिन्यातून एक-दोन ठरलेल्या तारखांनाच सुटतं. ३० तारखेला बुक व्हायचं बिल २ तारखेला झालं की दोन दिवसांच्या उशिरानं पंधरा दिवस किंवा महिना जातो.

बिल अडकण्याची कारणंही ठरलेली आहेत. पीओतली क्वांटिटी संपलेली असते आणि अमेंडमेंट आलेली नसते. मटेरियलचा दर बदलून मेल आलेला असतो, सिस्टीममध्ये जुनाच दर असतो. चार पीस रिजेक्ट होतात आणि डेबिट नोट (वजावटीची चिठ्ठी) निघेपर्यंत अख्खं बिल होल्डवर जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांचे सुटे भाग २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. जुन्या ओपन पीओत टॅक्स कोड २८ चाच राहिला असेल तर तुमचं १८ टक्क्यांचं बिल सिस्टीम घेतच नाही. आणि कोणी फोन करून सांगत नाही.

एक कारण तुमच्या बाजूनं असू शकतं, ते आधी तपासा. वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या आत असल्यानं तुमच्या अकाउंटंटनं जीएसटीचं रिटर्न तिमाही करून घेतलं असेल. सोयीचं आहे, पण तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफमध्ये (या दोन महिन्यांची बिलं जीएसटी पोर्टलवर टाकायच्या सोयीत) पुढच्या महिन्याच्या १३ तारखेच्या आत टाकली नाहीत तर ती ग्राहकाच्या टू-बीमध्ये (त्याला मिळणाऱ्या कर-क्रेडिटच्या तक्त्यात) तिमाही संपेपर्यंत दिसत नाहीत. क्रेडिट दिसलं नाही की मोठी कंपनी एक तर जीएसटीची रक्कम रोखते, नाही तर सगळंच बिल. आयएफएफमध्ये महिन्याला ५० लाखांपर्यंतची बिलं बसतात, तुमची आरामात बसतील. हे जमत नसेल तर सरळ मासिक रिटर्नवर परत या.

चाकणच्या फेऱ्यांबद्दल. पेमेंटच्या तारखेला जाऊन अकाउंट्ससमोर बसण्यात अर्थ नाही, तो निर्णय तिथल्या माणसाच्या हातात नसतो. जायचंच तर माल पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टोअर आणि इनकमिंग क्वालिटीकडे जा, जीआरएन अडकला असेल तर तिथे सोडवून घ्या. महिन्यातून दोन फेऱ्या पुरतात. बाकी सगळं ईमेलवर. फोनवर नाही, कारण फोनचा पुरावा राहत नाही.

आता कायदा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याचं कलम १५ सांगतं की लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. म्हणजे पीओवर ६० छापलेले असले तरी कायद्यापुढे ते ४५ च. मोजायचे मात्र बिलाच्या तारखेपासून नाहीत, माल स्वीकारल्यापासून. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. म्हणून चलनावरचा तो गेटचा इनवर्ड शिक्का महत्त्वाचा. ड्रायव्हरनं पोच न घेता चलन आणलं तर त्याला परत पाठवा.

उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागू होतं. डिसेंबर २०२५ मध्ये बँक रेट ५.५० टक्क्यांवर आला, त्याची तिप्पट साडेसोळा. पाच लाखांचं बिल ६५ दिवस उशिरा आलं तर साधारण १४ हजार ८०० रुपये. हे व्याज देणाऱ्याला खर्च म्हणून आयकरात वजाही करता येत नाही.

"पण तक्रार केली तर काम बंद" ही तुमची भीती खरी आहे, तिला कोणी नावं ठेवू नयेत. सत्तर टक्के काम देणाऱ्या चालू ग्राहकाविरुद्ध फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (याच कायद्याखालच्या, थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) जाऊ नका. तो मार्ग संबंध संपलेल्या, फोन न उचलणाऱ्या ग्राहकासाठी. तिथे अर्ज ऑनलाइन होतो, आधी तडजोडीचा प्रयत्न, मग लवाद. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि समोरच्याला कोर्टात जायचं असेल तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, ही त्यातली खरी धार. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, पण त्या भरवशावर पगाराचं नियोजन करू नका. असा एखादा जुना ग्राहक असेल तर बिलाला तीन वर्षं होण्याआधी हालचाल करा.

चालू ग्राहकावर दुसरी गोष्ट चालते, आणि तिच्यात तक्रार नाही. आयकर कायद्याच्या ४३बी कलमात २०२३ च्या वित्त कायद्यानं '(एच)' हा भाग घातला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाची रक्कम ठरलेल्या मुदतीपलीकडे थकली आणि ३१ मार्चला देणी राहिली, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. नव्या आयकर कायद्यात कलमाचा आकडा बदलला, तरतूद राहिली. तुमच्या बाबतीत ४५ दिवसांपुढची थकबाकी जीएसटी सोडून २७ लाखांच्या आसपास निघते. २५.१७ टक्के कर भरणाऱ्या कंपनीला त्यावर जवळपास सात लाखांचा कर आधी भरावा लागतो. मोठ्या कंपनीला सात लाख म्हणजे किरकोळ, खरं आहे. पण तिच्या ऑडिटरला तुमच्यासारख्या सगळ्या पुरवठादारांची यादी लागते, आणि कंपन्यांना ४५ दिवसांवरची थकबाकी सहामाही फॉर्ममध्ये सरकारला कळवावी लागते, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत. तुमचं नाव त्या यादीत येणं पुरेसं असतं.

यादीत येण्यासाठी आधी तुमची कागदं नीट हवीत. उद्यम प्रमाणपत्र उघडा. त्यावर मुख्य काम 'उत्पादन' असायला हवं. घाईत कोणी 'व्यापार' टाकलं असेल तर ही सवलत लागू होत नाही, दुरुस्ती करून घ्या. एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी गुंतवणूक आणि दहा कोटी उलाढाल अशी आहे, तुम्ही त्यात बसता. मग उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि ग्राहकाच्या व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या नोंदीत) नोंदवून घ्या. नुसता छापून भागत नाही, सिस्टीममध्ये 'एमएसएमई' अशी खूण पडली का ते विचारा.

त्यानंतर पत्र. परचेसच्या बायरला नाही, फायनान्सला, बायरला फक्त प्रत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेलेलं पत्र एप्रिलमध्ये वाचलं जातं. मजकूर एवढाच:

"आम्ही सूक्ष्म उत्पादक उद्योग असून आमचा उद्यम क्रमांक अमुक आहे. सोबतच्या यादीतील बिलांना माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस पूर्ण झाले आहेत. वर्षअखेरीच्या ताळेबंदात आमची बाकी सूक्ष्म उद्योगांच्या तपशिलात दाखवण्यासाठी शिल्लक कळवावी आणि ही बिलं ३१ मार्चपूर्वी पेमेंटला घ्यावीत, ही विनंती."

व्याजाचा उल्लेख नको, कलमाची धमकी नको. वाचणाऱ्याला कलम माहीत असतं. उत्तरादाखल कधी कधी "उद्यम नोंदणी रद्द करा" किंवा "४५ दिवसांचा आग्रह नाही असं लिहून द्या" असं सुचवलं जातं. दोन्ही करू नका. कायद्यातली ही मुदत कराराने सोडता येत नाही, पण असं लेखी दिलं की पुढे भांडताना तोच कागद तुमच्यासमोर ठेवतात.

पत्रानं सगळं सुटेल असं नाही. उरलेल्या दिवसांसाठी ट्रेड्स, म्हणजे बिलं विकून आधी पैसे मिळवायचे ऑनलाइन मंच, आहेत: आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट. तुम्ही बिल चढवायचं, ग्राहकानं मान्य करायचं, बँका त्यावर बोली लावतात, पैसे एक-दोन दिवसांत. व्याजाचा दर ग्राहकाच्या पतीवर ठरतो, तुमच्या नाही, आणि ग्राहकानं बुडवलं तरी बँक तुमच्याकडे येत नाही. सहा लाखांच्या बिलावर ६० दिवसांना ९ टक्क्यांनी नऊ हजारांच्या आत खर्च. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. मेख अशी की नोंदणी सक्तीची आहे, तुमचं बिल मान्य करणं नाही. त्यामुळे ते बायरकडून आधी कबूल करून घ्या. दुसरी मेख तुमच्या बँकेची: येणी कॅश क्रेडिटला (खेळत्या भांडवलासाठी बँकेनं दिलेल्या लिमिटला) तारण असतात, म्हणून बँकेची ना-हरकत लागते, आणि ट्रेड्सवर विकलेलं बिल बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये पुन्हा दाखवायचं नाही. नजरचुकीनं दाखवलं तरी बँक त्याला फसवणूकच म्हणते.

कॅश क्रेडिटचाच विषय निघाला तर, तुमची लिमिट कमी का पडते याचं उत्तरही ११० मध्ये आहे. बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवर (लिमिटमधून किती उचलता येईल ती रक्कम) काढताना ९० दिवसांपुढची येणी धरत नाहीत. म्हणजे ज्या बिलांमुळे तुम्हाला पैसे कमी पडतात, त्याच बिलांवर बँक पैसे देत नाही. बँकेत जाऊन फ्लॅटवरच्या कर्जाची फाइल बाजूला ठेवा आणि खेळत्या भांडवलाबद्दल बोला. लहान उद्योगांसाठी अंदाजित उलाढालीच्या २० टक्के हा जुना, मान्य हिशेब आहे. २ कोटी १६ लाखांवर ४३ लाख होतात. ते तारणाशिवाय, सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या) हमीवर मागा, हमीची फी दरवर्षी द्यावी लागेल. शाखेत "फ्लॅट दिलात तर पटकन होईल" असं सांगतील. पटकन होईलच, त्यांच्या सोयीनं.

पेपरमधल्या बातम्यांपैकी तुमच्या कामाची एकच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येकाला नेमणूक पत्र, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि माणूस सोडून गेला किंवा काढला तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी असेल तर वरचे भत्ते वेतनात धरले जातात, तेव्हा पगारपत्रक सल्लागाराला दाखवा. तुमच्या देण्याच्या तारखा घट्ट झाल्या, येण्याच्या सैल आहेत, एवढाच त्या बातमीचा अर्थ. जीएसटीची बातमी तर तुमच्या फायद्याची निघाली: या ग्राहकाच्या थकबाकीत २८ टक्क्यांनी १३ लाखांचा कर अडकला असता, १८ नं आठ लाखांवर अडकतो. अमेरिकेच्या शुल्काबाबत बायरला एकच विचारा, आपला पार्ट निर्यातीच्या गाडीत जातो का आणि पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल काय. नाही म्हणाला तर ते पान उलटा.

रोजच्या दीड तासाचं दुखणं मात्र खरं आहे, त्याला उधारीचं औषध लागू पडणार नाही. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटहून पिंपरीपर्यंत मेट्रो थेट आहे, पण 'भोसरी' नावाचं स्टेशन नाशिक फाट्यावर आहे, तुमच्या ब्लॉकपर्यंत पुढे रिक्षा आलीच. मुलांच्या शाळेचं जमत असेल तर सिंहगड रोडचा फ्लॅट भाड्यानं देऊन मोशी किंवा प्राधिकरणाच्या बाजूला भाड्यानं राहा. चार मशिनं हलवण्यापेक्षा एक घर हलवणं स्वस्त, आणि घराला पीपीएपी लागत नाही.

आणि सत्तर टक्क्यांचं काहीतरी करा. नवा ग्राहक धरताना दर दोन टक्के कमी मिळाला तरी चालेल, पण ३० दिवसांचा पैसा बघा. वरच्या हिशेबानं ११० आणि ३० मधल्या ८० दिवसांची किंमत ११ टक्क्यांनी जवळपास अडीच टक्के होते.

बारा बिलांचा कागद या गुरुवारी करा. शेड बंद असते, फोन कमी येतात. तो करताना दुसऱ्या बाजूलाही सहा ओळी ओढा: तुमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याची शेवटची सहा बिलं, आणि त्याला पैसे कधी गेले त्या तारखा. तोही बहुधा उद्यमवरचा सूक्ष्म उद्योगच असेल, आणि तुम्ही नफा-तोट्याचा हिशेब दाखवून कर भरत असाल तर आयकराची तीच तरतूद तुमच्या ताळेबंदालाही लागू आहे.